बिनविरोध चालणार नाही

मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाटात चार माणसं कुठंही उभी असली आणि त्यातला एक जण पुढं होऊन "चला, असं करू या" म्हणाला, की मागून खर्जातला एक आवाज यायचा, "तुम्ही इथले प्रमुख का? बरं. तुम्हाले निवडलं कोणं?"

तो आवाज देशकर काकाजींचा. लग्नाच्या पंगतीत वाढप्यांवर हुकूम सोडणारा मुलीचा मामा असो, की बँकेच्या रांगेत "एक एक करके आओ" म्हणून ओरडणारा कुणी हौशी असो, या प्रश्नातून कुणाचीच सुटका नव्हती. एकदा तर त्यांनी मोक्षधामात, लाकडं कशी रचायची ते सांगणाऱ्या गृहस्थांनाच गाठलं. गृहस्थ बिचारे म्हणाले, "काकाजी, मी मयताचा भाऊ आहे." काकाजी म्हणाले, "हौ, पण नातं वेगळं, निवड वेगळी." एवढं बोलून ते स्वतःच लाकडं उचलायला लागले आणि शेवटपर्यंत उचलत राहिले.

नारायणराव देशकर हे त्यांचं पूर्ण नाव. तहसीलीत बाबू म्हणून लागले आणि बाबू म्हणूनच निवृत्त झाले. आमच्या घरासमोर त्यांचं घर. उंच, वाळकी अंगकाठी, पांढरा बुशशर्ट आणि खिशाला दोन पेनं. निळं लिहायला, लाल आक्षेपाला. "माझा आक्षेप नोंदवा" हे त्यांचं दुसरं वाक्य. पहिलं तुम्ही ऐकलंच. या दोन वाक्यांवर या माणसानं हयात काढली, आणि मला विचाराल तर ताठ मानेनं काढली. गावातले लोक त्यांना सर्किट म्हणायचे. मी म्हणत नव्हतो, आजही म्हणणार नाही. ज्यांना म्हणायचं त्यांनी खुशाल म्हणावं.

हे वेड लागलं निवडणुकांमुळे. आमच्या जिल्ह्यात निवडणूक जाहीर झाली, की सरकारी नोकरांना एकाएकी कंबरदुखी सुरू होते. ड्यूटी चुकवायला जो तो डॉक्टरचा कागद शोधत फिरतो. काकाजी मात्र साहेबांकडं जाऊन ड्यूटी मागून घ्यायचे, तीही बैहरकडच्या जंगलातली, जिथं जीप अर्ध्या वाटेत सोडून चालत जावं लागायचं. मतदान केंद्राच्या प्रमुखाला आमच्याकडं पीठासीन अधिकारी म्हणतात. काकाजी ते व्हायचे आणि त्या दिवसापुरते ते कलेक्टरालाही मोजत नसत.

मतदान सुरू करण्याआधी पीठासीन अधिकाऱ्यानं एक काम करायचं असतं. मतपेटी उघडायची, सगळ्या उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर उलटी करायची आणि दाखवायची की ती रिकामी आहे. कुणाला शंका असली तर आत हात घालून बघू द्यायचं. सगळ्यांचं समाधान झालं की मगच सील. बाकीचे अधिकारी हे काम तोंड धुतल्यासारखं उरकायचे. काकाजी ते पूजेसारखं करायचे. "रिकामी आहे, नीट पाहून घ्या," असं प्रत्येकाच्या डोळ्यांत पाहून म्हणायचे.

उकव्याच्या बाजूला एकदा एका ठेकेदाराची माणसं केंद्रात शिरली. त्यांचा म्होरक्या गोड आवाजात म्हणाला, "साहब, आप खाना खा लो, पेटी हम देख लेंगे." काकाजींनी पेटी उचलून मांडीवर घेतली, तिच्यावर डबा उघडला आणि पोळी-भाजी खाऊ लागले. "खा रहा हूँ," म्हणाले. खाता खाता त्यांनी म्होरक्याला विचारलं, "आपको यहाँ का मुखिया किसने चुना?" म्होरक्याला आजवर हे कुणी विचारलं नव्हतं. तो जरा वेळ उभा राहिला आणि माणसं घेऊन निघून गेला. पुढं महिन्याभरात काकाजींची बदली झाली. बदल्यांचा त्यांना अभिमान होता. दुसरे लोक मिळालेली पदकं सांगतात तशी ते बदल्यांची गावं सांगायचे.

सवयच ती, निवृत्तीनंतर कुठं जाणार? मोहल्ल्याच्या गणपतीत बायकांसाठी सोडत होती. चिठ्ठ्यांचा डबा स्टेजवर आला आणि काकाजी पहिल्या रांगेतून उठले. "आधी रिकामा दाखवा." कुणी काही बोलायच्या आत त्यांनी डबा उचलून उलटा केला. चिठ्ठ्या आधीच भरलेल्या होत्या. त्या पंख्याच्या वाऱ्यानं पार गणपतीच्या मागपर्यंत उडाल्या. बायका हसून हसून बेजार झाल्या. काकाजी शांतपणे म्हणाले, "पाह्यलं? रिकामा नव्हता. माझा आक्षेप नोंदवा."

लालबर्ऱ्याच्या बसमधली गोष्ट तर मी स्वतः पाहिलेली आहे. एका लठ्ठ प्रवाशानं परस्पर ड्रायव्हरला सांगितलं, की पुढच्या हॉटेलवर चहाला थांबव. काकाजींनी त्याला नेहमीचा प्रश्न विचारला आणि बसमध्ये हात वर करून मतदान घेतलं. बायकांची मतं वेगळी मोजली, झोपलेल्यांना उठवून विचारलं. थांबायचं असा कौल आला. ड्रायव्हर मागं न बघता म्हणाला, "बाबूजी, होटल तो पीछे रह गया." लोक कुरकुरले. काकाजी खाली बसले आणि मला म्हणाले, "चहाचं सोड. ठरवलं सगळ्यांनी मिळून, हे पाह्य."

आता माझ्याविषयी. मी संजू. चौकात, घराला लागूनच, माझं एसटीडी-पीसीओचं दुकान होतं. त्यात मी तीन कॉम्प्युटर टाकले आणि बाहेर सायबर कॅफे अशी पाटी लावली. फोनची लाइन एकच होती. कुणी मुंबईला फोन लावला की तिन्ही कॉम्प्युटरवरचं इंटरनेट बसायचं, आणि तिन्ही गिऱ्हाइकं एकदम माझ्याकडं वळून बघायची.

काकाजींचा एकुलता एक मुलगा हेमंत माझा वर्गमित्र. इंजिनियर होऊन पुण्याला गेला. त्याची आई, आमच्या काकू, वारल्या, त्याच्या पुढच्या वर्षी त्यानं तिथंच ऑफिसातल्या मीरा नावाच्या मुलीशी कोर्टात लग्न केलं आणि झाल्यावर फोन केला. काकाजींच्या घरी फोन नव्हता, म्हणून तो फोन माझ्या दुकानात आला. मी काकाजींना बोलावून आणलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "मले कोणं विचारलं?" पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज मलाही ऐकू आला. त्यानंतर बापलेकांचं बोलणं बंद झालं. दोघंही तेवढेच ताठ, कोण आधी वाकणार?

अशात हेमंतनं इंटरनेटवर एक गट काढला. 'आम्ही बालाघाटचे.' गाव सोडून पुणे, नागपूर, रायपूर, बंगलोर, कुठं कुठं गेलेली आमची पोरं त्यात होती. इंग्रजी अक्षरांत अर्धं मराठी, अर्धं हिंदी लिहायची. वैनगंगेच्या घाटावरच्या आठवणी, शाळेतले मास्तर, कुणाचं लग्न जमलं, कुणाला पोरगा झाला. गट काढला म्हणून हेमंतच त्याचा मॉडरेटर. कुणाला आत घ्यायचं, कुणाचं लिखाण ठेवायचं, कुणाचं उडवायचं, सगळं त्याच्या हातात. गाव सोडलेल्यांसाठीच गट होता. गावात राहणारा मी एकटाच त्यात होतो, ताज्या बातम्या द्यायला.

काकाजी एकदा झेरॉक्स काढायला आले आणि माझ्या पडद्यावर त्यांनी हेमंतचं नाव वाचलं. "हे काय आहे?" मी सांगितलं. त्यांनी खुर्ची ओढली. "मलेबी घाल याच्यात."

मी अर्ज टाकला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. मंजूर.

"कोणं मंजूर केलं?" काकाजींनी विचारलं.

"मॉडरेटरनं. हेमंतनं."

खिशातून रुमाल काढून त्यांनी माझा कीबोर्ड पुसला. मला तेव्हाच फार वाईट वाटलं होतं.

आणि मग आक्षेप सुरू झाले. काकाजी सांगायचे, मी टाइप करायचो. "माननीय संचालक महोदय," इथून सुरुवात. मुलाचं नाव कधी नाही. घाटाच्या पायऱ्यांविषयी अमुक सदस्यानं चुकीची माहिती दिली, आक्षेप. तमक्यानं मास्तरांना नावानं हाक मारली, आक्षेप. दर वेळी एकच उत्तर यायचं: "सदस्यांचा आक्षेप नोंदवला आहे. मॉडरेटर." काकाजी ते मला मोठ्यानं वाचायला लावायचे. शेवटचा 'मॉडरेटर' हा शब्दसुद्धा.

मग हेमंतनं घोळ घातला. त्याचं काम वाढलं, म्हणून त्यानं जोडीला टिंकूला मॉडरेटर केलं. टिंकू नागपूरला एका ऑफिसात होता. त्याचा एकच गुण: तो दिवसभर ऑनलाइन असायचा. का असायचा, हे त्याच्या साहेबांनी विचारायला हवं होतं. अधिकार हातात येताच टिंकूनं पहिल्याच आठवड्यात ज्या ज्या लिखाणात त्याची थट्टा होती, ते सगळं उडवून टाकलं.

काकाजींनी लाल पेन बाहेर काढलं. टाइप मीच करायचो, पण लाल पेन हातात धरल्याशिवाय त्यांना आक्षेप सांगता यायचा नाही. "टाक. श्री. टिंकू यांना निवडलं कोणं?"

गटात धमाल उडाली. जो तो आपापली अक्कल पाजळू लागला. एक म्हणाला, ज्यानं सगळ्यात जास्त लिहिलं त्याला मॉडरेटर करा. त्यावर दुसरा म्हणाला, मग तर ज्याला काम नाही तोच मॉडरेटर होणार. तिसऱ्यानं चिठ्ठ्या टाका म्हटलं. परदेशातल्या एकानं समजावलं, की इंटरनेटवर निवडणूक वगैरे नसते, जो गट बनवतो तो मालक, तो ठेवील तो कारभारी, पटत नसेल त्यानं दुसरा गट काढावा.

"लिही," काकाजी म्हणाले. "विहीर तू खोदली, कबूल. पण गावाले दोर तूच देल्ला ना? आता सारं गाव पाणी भरून राह्यलं. आता काठावर कोणं उभं राहाचं, हे गावाले विचारा लागन."

टिंकू चिडला. त्यानं लिहिलं, हे आजोबा गटाच्या नियमातच बसत नाहीत, गाव सोडलेलं नाही, यांना काढून टाकतो. रविवारपर्यंत माफी मागा, नाही तर बाहेर.

मी काकाजींना म्हटलं, "मागून टाका माफी. चार शब्दांची तर गोष्ट आहे."

"काहून मागू?"

"काढून टाकीन तो."

"टाकू दे. त्याले तरी काढाचा अधिकार कोणं देल्ला?"

मला रागही आला आणि भीतीही वाटली. 'आक्षेप नोंदवला आहे' एवढाच एक धागा त्या दोघांत उरला होता. गटातून काढलं की तोही तुटणार, आणि समोरच्या घरातला हा म्हातारा दिवस कसे काढणार होता, हे मला कळत नव्हतं. धागा तुटणार हे त्यांनाही कळत होतंच. पण माफी ते मागणार नव्हते.

रविवारच्या आत हेमंतचंच लिखाण आलं. या वेळी मॉडरेटर म्हणून नाही, नावानिशी. सगळ्या गटासमोर त्यानं लिहिलं: "बाबा, तुम्ही सगळ्या गावाला विचारता, कोणं निवडलं. आपल्या घरात कधी मतदान झालं होतं का? मी काय शिकायचं, कुठल्या कॉलेजात जायचं, सुट्टीत काय करायचं, हे कोणं ठरवलं? मले कोणं विचारलं?"

मी वाचून दाखवलं. काकाजी म्हणाले, "परत वाच." मी परत वाचलं. त्यांनी लाल पेन खिशाला लावलं आणि घरी निघून गेले.

नंतर काही दिवस ते आलेच नाहीत. मी समोर डोकावून आलो. काकाजी अंगणात खाटेवर बसलेले. चौकात गणपतीच्या मीटिंगवरून भांडण चाललं होतं, आवाज तिथपर्यंत येत होता, पण ते उठले नाहीत. आमच्या मोहल्ल्यात अध्यक्ष निवडला गेला आणि कुणीच काही विचारलं नाही. लोकांना हायसं वाटायला हवं होतं. पण दोन-तीन जण माझ्याकडं येऊन विचारून गेले, "काकाजी की तबीयत ठीक है ना?"

मग एका सकाळी ते दुकानात आले. दाढी केलेली, बुशशर्टाला इस्त्री. लाल पेन हातात घेतलं नाही.

"टाइप कर. आक्षेप मान्य."

मी बघतच राहिलो. हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधीच ऐकला नव्हता.

"टाइप कर ना बे. आक्षेप मान्य. आता खाली लिही. घरात नाही झालं, चुकलं. म्हणूनच इथं झालं पाहिजे."

हेमंतचं उत्तर संध्याकाळी आलं. टिंकू कुणालाही काढणार नाही. मॉडरेटरची निवडणूक होईल.

निवडणूक ठरली आणि टिंकूची हवाच निघून गेली. त्याच्या ऑफिसनं इंटरनेट बंद केलं होतं, म्हणे. दुसरं कुणी उभं राहायला तयार नव्हतं, फुकटचं काम कोण करणार? राहिला हेमंत एकटा. सगळ्यांनी लिहिलं, चला, बिनविरोध झाली, हेमंतचं अभिनंदन.

काकाजी ताडकन उठले. "बिनविरोध चालणार नाही. लिही, मी उभा आहे."

"तुम्ही? पोराच्या विरोधात?"

"नातं वेगळं, निवड वेगळी."

उमेदवार झाल्यावर त्यांना पीठासीन अधिकारी होता येईना. तो मान माझ्याकडं आला. त्यांनी मला माझ्याच दुकानात बसवून शिकवलं: पेटी कशी दाखवायची, सील कसं करायचं, मोजणी कशी, निकाल लागला की विजयी उमेदवाराला प्रमाणपत्र लगेच, तिथल्या तिथं, कसं द्यायचं. एकदा चुकलो तर पुन्हा पहिल्यापासून.

पोरांनी लिहिलं, काकाजी, पेटी कशाला, इंटरनेटवर बटण दाबून मत देता येतं. काकाजी म्हणाले, "त्याच्या आत काय आहे, कोणं पाह्यलं?" शेवटी ठरलं, की सगळ्यांनी मत माझ्याकडं ईमेलनं पाठवायचं. मी त्याचा कागद काढायचा, घडी घालायची आणि डब्यात टाकायची. आणि डबा मतदानाआधी रिकामा दाखवायचा.

"कोणाले दाखवाचा?" मी विचारलं.

"उमेदवाराले. नाही तर त्याच्या प्रतिनिधीले. समक्ष."

हेमंतनं लिहिलं, माझा प्रतिनिधी संजू. काकाजींनी लाल पेन काढलं: संजू पीठासीन अधिकारी आहे, एका माणसाला दोन पदं चालत नाहीत, आक्षेप. हेमंतनं चौकातल्या पानठेल्यावाल्याचं नाव दिलं. आक्षेप: प्रतिनिधी मतदारांपैकीच पाहिजे, पानठेलेवाला गटात नाही. गटातलं बालाघाटात राहणारं कोण होतं? मी आणि काकाजी. बाकी झाडून सगळे गाव सोडून गेलेले. गटाचा नियमच तो होता, आणि तो हेमंतनंच केला होता.

पोरं पोट धरून हसली. ऑनलाइन निवडणुकीला पुण्याहून बालाघाटला रिकामा डबा बघायला जायचं, अशी येडपट गोष्ट कुणी ऐकली होती का? कुणी लिहिलं, म्हातारा सटकला. मी मात्र पीठासीन अधिकारी या नात्यानं नियम वाचून दाखवला. नियम खरा होता, तंतोतंत.

चार दिवस हेमंतकडून काहीच आलं नाही. काकाजी सकाळ-संध्याकाळ येऊन बसायचे आणि "लाइन बरोबर आहे ना?" विचारायचे. मी कुणाला एसटीडी करू देत नव्हतो. मग एक ओळ आली: "रविवारी सकाळच्या गोंदियाच्या गाडीनं पोचतो. दुपारच्या बसनं परत. हेमंत."

रविवारी काकाजी माझ्याआधी दुकानापाशी हजर होते. काखेत डबा. मी तो ओळखला. काकूंचा चिवड्याचा डबा होता, आम्ही शाळेतून येऊन त्यावर तुटून पडायचो. झाकणाला त्यांनी कापून फट पाडली होती.

हेमंत आला. पाठीला बॅग, डोळे जागरणानं लाल. वाकून नमस्कार केला की नुसता वाकल्यासारखा झाला, मला नीट कळलं नाही. काकाजी म्हणाले, "उमेदवार क्रमांक दोन हजर. नोंद घे."

मी डबा उघडला आणि उलटा करून धरला. हेमंत डब्याकडं बघत राहिला.

"आईचा डबा कापला?"

"झाकण फक्त," काकाजी म्हणाले. "डबा तसाच आहे." मग त्यांनी तो माझ्या हातातून घेतला. पीठासीन अधिकाऱ्याचं काम उमेदवारानं करायचं नसतं, पण मी गप्प राहिलो. त्यांनी डबा मुलासमोर धरला. "रिकामा आहे. नीट पाहून घे. हात घालून पाह्य."

हेमंतनं आत हात घातला. तळापर्यंत घातला आणि काढलाच नाही. दुकानात आम्ही तिघंच होतो. दारात एक गिऱ्हाईक झेरॉक्सचा कागद घेऊन उभं होतं. मी त्याला हातानंच नंतर ये म्हटलं.

"काही आक्षेप?" मी विचारलं. विचारायचं असतं.

"नाही," हेमंत म्हणाला. मग त्यानं हात बाहेर काढला.

मतदान झालं. मध्येच प्रिंटर अडकला, तर काकाजींनी मतदान थांबल्याची वेळ नोंदवायला लावली. मोजणीत हेमंत दणदणीत निवडून आला. काकाजींना इतकी कमी मतं पडली, की डिपॉझिट असतं तर जप्त झालं असतं. ते उठून उभे राहिले आणि मुलाशी हात मिळवला. "निकाल मान्य."

हेमंतनं घड्याळ पाहिलं. बसची वेळ झाली होती. त्यानं बॅग उचलली.

"प्रमाणपत्र?" काकाजी म्हणाले.

मी कागद पुढं ओढला, तर काकाजींनी माझ्या हातावर हात ठेवला. "प्रमाणपत्र उद्या सकाळी भेटते. विजयी उमेदवाराले तोपर्यंत मुख्यालय सोडता येत नाही. नियम आहे."

असा कुठलाही नियम नाही. प्रमाणपत्र लगेच, तिथल्या तिथं. यांनीच मला घोकून घेतलं होतं. ठेकेदाराच्या माणसांपुढं पेटी मांडीवर घेऊन बसणारा, एका नियमासाठी अर्धा जिल्हा बदल्यांवर हिंडलेला हा माणूस माझ्या डोळ्यांदेखत नियम बनवत होता. आणि धड बनवताही येत नव्हता, कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

हेमंत त्यांच्याच घरात वाढलेला. झोपेतून उठवलं तरी त्यानं हा सगळा कायदा म्हणून दाखवला असता. त्यानं माझ्याकडं पाहिलं, बापाकडं पाहिलं. सकाळपासून तो आमच्याशी पुण्याचं मराठी बोलत होता.

"नियम असन," तो बॅग खाली ठेवत म्हणाला, "तर थांबा लागन."

त्यानं काखेत डबा घेतला आणि दोघं रस्ता ओलांडून घरी गेले.

त्यानंतर काकाजींनी गटाकडून दरवर्षी निवडणूक घेण्याचा ठराव करून घेतला. पुढच्या वर्षी हेमंतसोबत मीरा आली, कारण काकाजींनी आक्षेप घेतला होता, की मतमोजणीला महिला प्रतिनिधी नाही. त्याच्या पुढच्या वर्षी तिच्या कडेवर एक पोरगी होती. तिनं डब्यात हात घातला आणि काढेना, तेव्हा काकाजींनी मतदान तहकूब केलं. दर वेळी हेमंत निवडून यायचा. दर वेळी प्रमाणपत्राला आणखी एक दिवस जास्त लागायचा, आणि मी पीठासीन अधिकारी म्हणून त्यावर सही करायचो.

एका वर्षी त्यांची तब्येत नरम होती. काठी टेकत दुकानात आले आणि उमेदवारी टाक म्हणाले. मी म्हटलं, "काकाजी, राहू द्या ना यंदा. दरवर्षी उभे राहता, दरवर्षी पडता. पोरं हसतात. होऊ द्या एखाद्या वर्षी बिनविरोध."

त्यांनी खिशातलं लाल पेन काढलं आणि हातात धरलं.

"हसू दे. मी उभा नाही राह्यलो तर बिनविरोध होईन. अन् बिनविरोध झालं, तर डबा पाहाले येईन कोण?"